३०० डिग्रीवरचं एक इंजेक्शन: मौंजी बावेंडी आणि क्वांटम डॉटची बॅच

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून रबाळे, महापे, पावणे, तुर्भे अशी एमआयडीसीची जी रांग आहे, तिथल्या कित्येक केमिस्टचं रोजचं काम म्हणजे क्रिस्टलायझेशन. बॅच गरम करून सगळं विरघळवायचं, जॅकेटमधून (भांड्याभोवतीच्या पाण्याच्या आवरणातून) हळूहळू थंड करायचं, नेमक्या डिग्रीला सीड, म्हणजे तयार बारीक स्फटिक, टाकायचं आणि माल सेंट्रिफ्यूजला घेतल्यावर कणांचा आकार स्पेसिफिकेशनमध्ये बसतोय का ते बघायचं. बारीक चुरा जास्त आला की फिल्टरेशन अडतं, खडे मोठे आले की मिलिंग वाढतं. हे काम करणाऱ्यांनी २०२३च्या रसायनशास्त्राच्या नोबेलकडं नीट बघावं, असं मला फार वाटतं. ते क्वांटम डॉटसाठी, म्हणजे आकारानुसार रंग बदलणाऱ्या काही नॅनोमीटरच्या स्फटिकांसाठी होतं. बातम्यांमध्ये ते ‘टीव्हीच्या रंगांचं नोबेल’ म्हणून आलं आणि गेलं. माझ्या मते त्यातला एक तृतीयांश वाटा सरळसरळ क्रिस्टलायझेशनचा होता, आणि तो मौंजी बावेंडी यांचा.

बावेंडींचा जन्म १९६१ साली पॅरिसमध्ये झाला. वडील मोहम्मद सालाह बावेंडी मूळचे ट्युनिशियाचे, गणितज्ञ. पुढं ते अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात आले, त्यामुळं मुलाचं शालेय शिक्षण इंडियानातल्या वेस्ट लाफायेत गावात झालं. तिथून हार्वर्ड. हार्वर्डमध्ये रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत त्यांना १०० पैकी २० गुण मिळाले, वर्गातले सगळ्यात कमी. नोबेल मिळाल्याच्या दिवशी त्यांनी स्वतःच हे पत्रकारांना सांगितलं. शाळेत अभ्यास न करता निभावत होतं, अभ्यास कसा करायचा हेच ठाऊक नव्हतं, असं कारणही दिलं.

पीएचडी शिकागो विद्यापीठात, १९८८ साली. इथला तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढं जगाला संश्लेषणाची रीत देणारा हा माणूस संश्लेषणातून आलेलाच नव्हता. कार्ल फ्रीड यांच्याकडं त्यांनी पॉलिमरचं सैद्धांतिक काम केलं आणि ताकेशी ओका यांच्याकडं तीन हायड्रोजन अणूंच्या धन आयनाचा अवरक्त वर्णपट मोजला. गुरू ग्रहाच्या उत्सर्जनातल्या रेषा ओळखताना त्या मोजमापांचा उपयोग झाला. म्हणजे एका हातात गणित, दुसऱ्या हातात स्पेक्ट्रोमीटर. ओकांच्या शिफारशीनं ते बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन प्रयोगशाळेच्या उन्हाळी कार्यक्रमाला गेले, तिथं लुई ब्रुस यांनी त्यांना क्वांटम डॉट दाखवले, आणि पीएचडी झाल्यावर बावेंडी पोस्टडॉक म्हणून त्यांच्याकडंच रुजू झाले. १९९० पासून ते एमआयटीत आहेत.

तोवर काय झालेलं होतं? १९८१ साली अलेक्सेई एकिमोव्ह यांनी सोव्हिएत रशियात काचेत कॉपर क्लोराइडचे कण वाढवले. वितळलेली काच ५०० ते ७०० डिग्रीला, तासाभरापासून ९६ तासांपर्यंत ठेवून. कण २ नॅनोमीटरपासून ३० नॅनोमीटरपर्यंतचे आले, आणि कण जितका लहान तितका त्यानं शोषलेला प्रकाश निळ्याकडं सरकलेला. ब्रुस यांना हेच पाण्यातल्या कॅडमियम सल्फाइडमध्ये दिसलं. टेबलावर ठेवून दिलेल्या द्रावणाचे प्रकाशीय गुण बदलले, कारण कण वाढले होते. ताजे कण साधारण साडेचार नॅनोमीटरचे, ठेवून दिलेले साडेबारा. १९८३ साली त्यांनी ते छापलं. आपल्याकडं मदर लिकर, म्हणजे स्फटिक ज्यात वाढतात ते द्रावण, रात्रभर तसंच राहिलं की बारीक कण विरघळतात आणि त्यांच्या जिवावर मोठे वाढतात. तोच हा ओस्टवाल्ड रायपनिंगचा प्रकार, फक्त नॅनोमीटरमध्ये.

आकारानं रंग का बदलतो, हे थोडक्यात. कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकात बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी किमान ऊर्जा, १.७४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो, म्हणजे ७१० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद लाल. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि त्यानं मागं सोडलेली पोकळी अशी जोडी तयार होते आणि तिला फिरायला काही नॅनोमीटर जागा लागते. स्फटिकच त्याहून लहान केला तर जोडी कोंडली जाते, आणि कोंडण्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. ती त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. त्यामुळं ६ नॅनोमीटरच्या आसपासचा कण लाल, २च्या जवळचा निळसर हिरवा. रसायन तेच. आता वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा अर्थ प्रॉडक्शनच्या भाषेत लावून बघा: आकारात थोडा फरक पडला तरी रंग फाटतो. एका बाटलीत २, ३ आणि ५ नॅनोमीटरचे कण एकत्र असतील तर त्या बाटलीला एक रंगच नाही. १९८०च्या दशकात अडलेलं होतं ते इथं. साध्या तापमानाला पाण्यात किंवा मायसेलमध्ये (साबणासारख्या रेणूंच्या सूक्ष्म थेंबांत) केलेले कण आकारानं विखुरलेले, आतून अर्धवट स्फटिक आणि पृष्ठभागावर दोषांनी भरलेले असायचे. २-३ नॅनोमीटरच्या कणात अणूंचा मोठा हिस्सा पृष्ठभागावरच असतो, त्यामुळं पृष्ठभाग खराब म्हणजे प्रकाश गेलाच.

१९९३ साली बावेंडी आणि त्यांचे विद्यार्थी ख्रिस मरे व डेव्हिड नॉरिस यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात जी रीत छापली, ती बॅच रेकॉर्डसारखीच वाचता येते.

फ्लास्कमध्ये ट्रायऑक्टिलफॉस्फीन ऑक्साइड ५० ग्रॅम. सगळे याला टोपो म्हणतात, मीही तेच म्हणतो. २०० डिग्रीला, साधारण १ टॉर व्हॅक्यूममध्ये २० मिनिटं ठेवून आणि अधूनमधून आर्गॉन देऊन ओलावा आणि हवा काढायची. मग आर्गॉनखाली ३०० डिग्रीला स्थिर करायचं. दुसरीकडं ड्रायबॉक्समध्ये दोन द्रावणं: १ मिली डायमिथाइल कॅडमियम २५ मिली ट्रायऑक्टिलफॉस्फीनमध्ये, आणि १ मोलर टीओपी-सेलेनियम (ट्रायऑक्टिलफॉस्फीनमध्ये विरघळवलेलं सेलेनियम) १० मिली अधिक १५ मिली ट्रायऑक्टिलफॉस्फीन. दोन्ही एकत्र करून ५० मिलीच्या सिरिंजमध्ये भरायची. फ्लास्कखालची उष्णता काढून घ्यायची आणि जोरात ढवळत असलेल्या टोपोमध्ये सगळी सिरिंज रबरी सेप्टममधून एका दमात रिकामी करायची. रंग ताबडतोब गडद पिवळा-नारिंगी होतो, शोषणाचं शिखर (ज्या तरंगलांबीचा प्रकाश कण सगळ्यात जास्त शोषतात ती जागा) ४४० ते ४६० नॅनोमीटरला येतं आणि तापमान १८० डिग्रीच्या आसपास उतरतं. मग उष्णता पुन्हा सुरू करून २३० ते २६० डिग्रीपर्यंत सावकाश चढवायचं आणि नमुने काढत शिखर कुठं सरकतंय ते बघायचं.

ते १८० नुसतं निरीक्षण म्हणून सोडून देऊ नका. हिशोब करा. ५० ग्रॅम टोपो ३०० डिग्रीला. सिरिंजमधला माल सुमारे ५० मिली, घनता ०.८३ धरली तर ४१ ग्रॅम, आणि आपल्याकडच्या खोलीचं तापमान ३० डिग्री. दोघांची विशिष्ट उष्णता साधारण सारखी मानली तर मिश्रण १७८ डिग्रीला येतं. सिरिंजमध्ये किती आकारमान घ्यायचं यातच हा उतार बसवलेला आहे, आणि सगळी कल्पना या उतारावर उभी आहे. ३०० डिग्रीला कॅडमियम आणि सेलेनियमचे स्रोत क्षणात तुटतात, अतिसंपृक्तता, म्हणजे द्रावणात मावेल त्याहून जास्त विरघळलेला माल, एकदम वर जाते आणि केंद्रकांचा, म्हणजे स्फटिकांच्या पहिल्या बीजांचा, एकच स्फोट होतो. त्यातच बराच माल खर्च होतो, द्रावण पातळ होतं, तापमानही कोसळतं. त्यामुळं अतिसंपृक्तता उंबऱ्याच्या खाली येते आणि नवीन केंद्रक जन्माला येणं थांबतं. यापुढं फक्त वाढ. सगळे कण एकाच क्षणी जन्मलेले, म्हणून सगळ्यांचं वय सारखं आणि आकारही जवळपास सारखा. केंद्रक बनणं आणि वाढ या दोन गोष्टी वेळेत वेगळ्या केल्या की आकार एकसारखा येतो, हे ला मेर आणि डायनेगर यांनी गंधकाच्या कलिलांवरून (द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवरून) १९५० सालीच मांडलेलं होतं. आपण सीड टाकून जे साधतो तेही तेच: केंद्रकांचं काम आधी उरकून घ्यायचं आणि उरलेला वेळ वाढीला द्यायचा. बावेंडींनी ते ३०० डिग्रीवर, एका सिरिंजमध्ये केलं. तापमान जास्त असल्यानं वाढताना स्फटिकातले दोषही सुधारत जातात. टोपोचा ऑक्सिजन कणाच्या पृष्ठभागावरच्या कॅडमियमला धरून बसतो, त्यामुळं कण एकमेकांना चिकटत नाहीत. विद्रावक तोच, आवरणही तेच.

वेगळं करण्याची पद्धतही तितकीच हुशार आहे. ६० डिग्रीपर्यंत थंड करायचं, त्याखाली नाही, कारण टोपो ५० डिग्रीच्या आसपास गोठतो आणि मग सगळा गोळा होतो. मिथेनॉल घातलं की कण खाली बसतात, सेंट्रिफ्यूज करायचे, ब्युटेनॉलमध्ये परत घ्यायचे. तिथं करड्या रंगाचा गाळ उरतो, तो टाकायचा. मग पुन्हा मिथेनॉल, पण यावेळी थेंबाथेंबानं. मोठ्या कणांमधलं आकर्षण जास्त, म्हणून ते आधी बसतात. द्रावण जेमतेम गढूळ दिसायला लागलं की थांबायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं द्रावण वेगळं काढायचं आणि पुढचा भाग बसवायचा. असं पुन्हा पुन्हा केल्यावर आकारातला फैलाव ५ टक्क्यांच्या खाली आला. १.२ पासून ११.५ नॅनोमीटरपर्यंत हवा तो आकार. मिथेनॉल घाईनं ओतलं तर लहानमोठे सगळे एकत्र खाली येतात आणि ती पायरी वाया जाते.

आता बिघडतं कुठं.

सगळ्यात जास्त वेळा इंजेक्शनमध्ये. सुई बारीक, दट्ट्या घट्ट, सिरिंज रिकामी व्हायला दहा-पंधरा सेकंद लागली की पहिल्या थेंबातले कण वाढायला लागलेले असतात तेव्हा शेवटच्या थेंबातले जन्मतात. शोषणाचं शिखर रुंद होतं, कधी नुसता खांदाच दिसतो. उपाय म्हणजे जाड सुई आणि जोराचं ढवळणं. दुसरी गडबड मँटलची, म्हणजे फ्लास्कखालच्या हीटरची. तापमान पडलेलं बघून कंट्रोलर पूर्ण ताकद देतो आणि ते हव्या त्या डिग्रीच्या वीस पुढं जातं. म्हणून मँटल खाली घ्यायचं आणि मग हातानं टप्प्याटप्प्यानं द्यायचं. तिसरी, लोभ. लाल रंग हवा म्हणून तासन्‌तास गरम करत ठेवलं की द्रावणातला माल संपतो आणि ओस्टवाल्ड रायपनिंग सुरू होतं: लहान विरघळतात, मोठे फुगतात, आकार पुन्हा फाटतो. शिखर लालकडं सरकताना त्याची रुंदी वाढायला लागली तर समजायचं की माल संपला. तिथं थोडा ताजा स्रोत सावकाश घालायचा किंवा थांबायचं.

ओलावा हे आपल्याकडचं खास दुखणं. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईत हवेतला दमटपणा असा असतो की उघडी बाटली झाकण लावेपर्यंत पाणी पकडते. २०० डिग्रीच्या वरच्या फ्लास्कमध्ये पाण्याचा अंश गेला तर माल उसळतो, चेहऱ्याच्या दिशेनं. डिगॅसिंगची वीस मिनिटं कमी करायची नाहीत. बुडबुडे थांबले का ते बघायचं, घड्याळ नंतर. ट्रायऑक्टिलफॉस्फीन हवेत राहिलं की स्वतःच टोपो होतं, मग सेलेनियम नीट विरघळत नाही आणि तळाशी काळे कण राहतात. तसं द्रावण वापरायचंच नाही.

टोपोच्या लॉटचा किस्सा तर प्रत्येक प्रोसेस केमिस्टच्या ओळखीचा वाटेल. ९० टक्क्यांचा टेक्निकल ग्रेड चालायचा, ९९ टक्क्यांचा शुद्ध घेतला की बॅच बिघडायची. पुढं कळलं की अशुद्धीतली फॉस्फोनिक आणि फॉस्फिनिक आम्लंच कॅडमियमला धरून वाढ आटोक्यात ठेवत होती. त्यामुळं आज शुद्ध विद्रावक घेऊन ही आम्लं मोजून घालतात. कच्चा माल सुधारला आणि माल बिघडला, असं दिसलं की आधी अशुद्धीचं प्रोफाइल काढून बघावं, हा शहाणपणा दोन्हीकडं एकच. डायमिथाइल कॅडमियमही गेलं. ते विषारी, हवेत पेट घेणारं. २००१ साली आर्कान्सा विद्यापीठातून कॅडमियम ऑक्साइडवर आधारलेली रीत आली आणि हे काम साध्या फ्यूमहूडमध्ये उतरलं.

मग ही रीत ५०० लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये का जात नाही? कारण तिथं अडीचशे लिटर सेकंदभरात आत टाकता येत नाही, एकजीव ढवळता येत नाही आणि जॅकेटमधून शंभर डिग्री तर मुळीच उतरवता येत नाही. स्केल-अप केलेल्या माणसाला हे सांगायला नको. वाटा दोन निघाल्या. एक, सगळं थंड असतानाच एकत्र करून ठरलेल्या वेगानं तापवायचं आणि स्रोत असे निवडायचे की ते एका अरुंद तापमानातच तुटतील. कोरियाच्या तेघ्वान ह्यॉन यांनी ती पुढं नेली. नोबेलच्या संभाव्य मानकऱ्यांना दिल्या जाणाऱ्या २०२०च्या क्लॅरिव्हेट सन्मानात बावेंडी, मरे आणि ह्यॉन अशी तिघांची नावं एकत्र होती. दुसरी, सतत वाहणारा बारीक नळीचा रिअ‍ॅक्टर, जिथं मिसळणं आणि तापवणं मिलिमीटरच्या आत उरकतं. बावेंडींच्या गटानं एमआयटीच्याच क्लाव्हस येन्सन यांच्याबरोबर त्यावरही काम केलं.

उरलेली कारकीर्द भरभर सांगतो. नुसत्या कॅडमियम सेलेनाइडची चमक कमी पडायची, म्हणून त्यावर झिंक सल्फाइडचं कवच. ते आधी शिकागोत १९९६ साली झालं, आणि बावेंडींच्या गटानं १९९७ साली वेगवेगळ्या आकारांवर ते बसवून पूर्ण रंगमाला दाखवली. १९९६ सालीच मनोज निर्मल आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवलं की एकेकटा डॉट पाहिला तर तो सलग उजळत नाही, लुकलुकतो. २००४ साली अवरक्त प्रकाश देणारे डॉट वापरून शस्त्रक्रियेच्या वेळी डुकराच्या लसिका गाठी दिसू शकतात हे डॉक्टरांबरोबर केलेलं काम आलं. ४ ऑक्टोबर २०२३ला नोबेलची घोषणा झाली, आणि त्या सकाळी रॉयल स्वीडिश अकॅडमी ऑफ सायन्सेसचा ईमेल काही तास आधीच फुटला होता. १ कोटी १० लाख क्रोनर एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी या तिघांत सारखे वाटले गेले.

वाशी किंवा ठाण्याच्या शोरूममध्ये क्यूएलईडी टीव्ही बघाल तर त्यात मागं निळे एलईडी असतात आणि पुढं एक फिल्म. फिल्ममधले एका आकाराचे डॉट निळा प्रकाश खाऊन ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा देतात, दुसऱ्या आकाराचे ६३०च्या आसपासचा लाल. रेषा अरुंद, म्हणून रंग स्वच्छ. फिल्मच्या दोन्ही बाजूंना ओलावा आणि ऑक्सिजन अडवणारे थर लागतात, नाहीतर कडेनं रंग मरत येतो. विजेच्या उपकरणांत कॅडमियमवर ०.०१ टक्क्याची मर्यादा युरोपातही आहे आणि भारताच्या ई-कचरा नियमांतही, म्हणून बरेच उत्पादक इंडियम फॉस्फाइडकडं गेले. त्यात आकार एकसारखा ठेवणं जास्त अवघड, आणि प्रकाशाची रेषा रुंद येते.

एमएस्सीच्या मुलांना हे स्वतः बघायचं असेल तर शिकवण्यासाठी बसवलेली छोटी रीत आहे. फ्यूमहूड, हातमोजे आणि अनुभवी माणूस शेजारी, याशिवाय नाही. सेलेनियम ३० मिलिग्रॅम, ऑक्टाडेसीन ५ मिली, ट्रायऑक्टिलफॉस्फीन ०.४ मिली. गरज पडली तर कोमट करून सगळं विरघळवायचं आणि खोलीच्या तापमानाला आणायचं. २५ मिलीच्या राउंड बॉटम फ्लास्कमध्ये कॅडमियम ऑक्साइड १३ मिलिग्रॅम, ओलेइक आम्ल ०.६ मिली, ऑक्टाडेसीन १० मिली. तापवताना तपकिरी पूड विरघळून द्रावण बिनरंगी झालं पाहिजे. झालं नाही तर पुढं जाऊ नये. २२५ डिग्रीला सेलेनियमचं द्रावण १ मिली एका झटक्यात घालायचं आणि स्टॉपवॉच सुरू. पहिल्या तीन मिनिटांत दहा नमुने, प्रत्येकी साधारण १ मिली, पाश्चर पिपेटनं वेगवेगळ्या कुप्यांत. सुरुवातीचे नमुने काही सेकंदांच्या अंतरानं घ्यायचे, कारण वाढ तिथंच जोरात असते. कुपीत पडला की नमुना थंड होतो आणि वाढ थांबते. अतिनील दिव्याखाली ओळीनं ठेवल्या की हिरव्याकडून नारिंगीकडं जाणारी रांग दिसते. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटरवर पहिल्या शिखराची जागा आकार सांगते आणि त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी आकारातला फैलाव.

टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात नमुना द्यायचा तर आधी तो मिथेनॉल-अ‍ॅसिटोननं धुवून टोल्युइनमध्ये घ्या. ओलेइक आम्ल आणि ऑक्टाडेसीन उरलेलं असेल तर इलेक्ट्रॉनच्या झोताखाली कार्बनचा डाग चढतो आणि कण दिसत नाहीत. पण धुण्याचाही अतिरेक नको. पृष्ठभागावरचं आवरण निघून गेलं की कण गोळा होतात आणि चमक जाते. दोनदा धुणं बहुतेक पुरतं. द्रावण इतकं पातळ हवं की रंग जेमतेम जाणवेल.

कॅडमियम आणि सेलेनियमचं काहीही बेसिनमध्ये जाता कामा नये. एमआयडीसीच्या सामाईक सांडपाणी केंद्रातले जीवाणू ते पचवत नाहीत, ते गाळात साठतं. उरलेलं द्रावण, सेंट्रिफ्यूजचा गाळ, पिपेटा, हातमोजे, सगळं लेबल लावलेल्या बंद कॅनमध्ये गोळा करून तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या सुविधेकडं अधिकृत मार्गानं पाठवायचं. फ्लास्क आधी थोड्या टोल्युइननं आणि मग अ‍ॅसिटोननं धुवायचा, आणि ते धुवणही त्याच कॅनमध्ये.